ब्लूजच्या गाण्यात मंगोलियन खूमी घेतोय, रेकॉर्डिंग अडकलंय, जाणकारांनी मदत करा

गाळ्यातला_गिटारवाला

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा कारण आम्ही तीन आठवडे एकाच गाण्यावर अडकलोय आणि आता आपापसात बोलून काही निघत नाहीये.

ठाण्यात आमचा पाच जणांचा ब्लूज बँड आहे. मी गिटार, मग बेस, ड्रम, माउथ ऑर्गन आणि गायक. वागळे इस्टेटमध्ये एका मित्राच्या वडिलांचा गाळा आहे, त्याच्या माळ्यावर प्रॅक्टिस करतो, आणि रेकॉर्डिंगला तिथूनच जवळ एक छोटा स्टुडिओ घेतलाय. गाणं मराठीत आहे, रात्रपाळी संपवून पहाटे खाडीवरून घरी येणाऱ्या माणसाचं. संथ बारा बारचा ब्लूज, म्हणजे बारा मापांचं ठरलेलं चक्र, त्यात कॉर्ड जी, सी, डी अशा बदलत जातात, आणि मूळ सूर जी.

तर आमचा गायक कळव्याचा, लहानपणी भजनी मंडळात टाळ धरून बसायचा, आवाज मुळातच भारदस्त. त्याला दीड वर्षापूर्वी मंगोलियन खूमीचं वेड लागलं. तेच ते, एकाच माणसाच्या गळ्यातून खाली घरघरता जाड सूर आणि वर शिट्टीसारखा दुसरा सूर. नुसते व्हिडिओ बघून नाही, गेले आठ महिने तो उलानबातरच्या एका शिक्षकांकडे ऑनलाइन शिकतोय, आपल्याकडे सकाळचे सात वाजले की तिकडे साडेनऊ, कामावर जायच्या आधी तास करतो. त्याने जेव्हा पहिल्यांदा प्रॅक्टिसला ती खालची घरघर काढली, खार्खिरा म्हणतात तिला, तेव्हा आमच्या ड्रमरच्या स्नेअरची जाळी आपोआप थरथरायला लागली, कोणी काठी लावलेली नसताना. तेव्हाच ठरलं की हे गाण्यात यायलाच पाहिजे. ते नुसतं नवलाचं म्हणून नाही, त्या रात्रपाळीवाल्या माणसाच्या छातीतलं जे ओझं शब्दांत येत नव्हतं ते त्या आवाजात सरळ येत होतं.

प्रॅक्टिसला अंगावर काटा यायचा. स्टुडिओत गेलो आणि सगळं बिघडलं.

एक तर पहिल्या चार बारला तो आवाज मस्त बसतो, पण कॉर्ड बदलली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. सी वर गेलो की जरा कळकट, आणि डी वर गेलो की चक्क बेसूर. तो बेसुरा गात नाहीये, ट्यूनर लावून बघितलं, जी पक्का आहे त्याचा.

दुसरं, बेसवाला आणि तो एकत्र आले की खाली सगळा चिखल होतो, कोणाचंच काही कळत नाही.

तिसरं सगळ्यात विचित्र आहे. त्याने लांब सूर धरला की मिक्समध्ये एक हेलकावा ऐकू येतो, वँव वँव वँव असा, सेकंदाला साधारण दोनदा. कधी संथ होतो, कधी एकदम नाहीसा होतो, परत येतो. त्याचा ट्रॅक एकटा सोलो करून ऐकला तर नाहीये. इंजिनिअर म्हणाला लाइटचा हम असेल, म्हणजे विजेच्या लाइनची गुणगुण, त्याने ५० हर्ट्झवर नॉच मारला, म्हणजे तेवढाच सूर कापला, तरी हेलकावा तसाच. मग तो म्हणाला गायकाचा आवाजच हलतोय, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं, सतरा टेक झाले, सतराव्याला गायकाचा घसा बसला आणि त्या दिवसाचे पैसे गेले ते गेलेच. आता इंजिनिअरचं म्हणणं की हे सगळं सोडा, सुरुवातीला दहा सेकंद घ्या, मागे रिव्हर्ब टाका, इफेक्ट म्हणून ठेवा आणि गाणं नेहमीसारखं करा.

मला तसं करायचं नाहीये. गाण्याच्या पोटात तो आवाज हवाय. कोणी असं काही केलंय का? काय चुकतंय?

नेरुळचा_मिक्सर

भाऊ तुझा हेलकावा वाचूनच कळला. गायकाला काही बोलू नका, त्याचा काहीएक दोष नाही.

बघ, तू जी म्हणालास. गायक जो सूर लावतो तो गिटारच्या तिसऱ्या फ्रेटवरचा खालचा जी असणार, म्हणजे ९८ हर्ट्झ. खार्खिरात काय होतं, की आपल्या खऱ्या स्वरपट्ट्यांच्या थोडं वर अजून एक जोडी असते, खोट्या स्वरपट्ट्या म्हणतात, एरवी त्या गाण्यात भागच घेत नाहीत. या गायकीत त्या जवळ आणून हलवतात आणि त्या खऱ्या पट्ट्यांच्या दर दोन फेऱ्यांमागे एक फेरी करतात. म्हणून ऐकू येणारा सूर बरोबर एक सप्तक खाली जातो, ९८ चा ४९. तुमच्या ड्रमरची स्नेअर थरथरली ती उगाच नाही.

आता तुझा गिटार. तारांखाली आवाज पकडणारे पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे आहेत ना? सिंगल कॉइल म्हणजे अँटेनाच असते. आजूबाजूला मोटर, ट्रान्सफॉर्मर, जुनी ट्यूबलाइट, काहीही असलं की लाइटचा हम ओढून घेते, आणि वागळेच्या गाळ्यांमध्ये शेजारी काय काय चालू असतं ते तुला माहितीच आहे. आपल्याकडे लाइन ५० ची. पण हम कधीच नुसता ५० चा नसतो, १०० असतो, १५० असतो, वर पण जातो, आणि गिटार अँपचा स्पीकर ५० नीट देतच नाही, त्यामुळे टेपवर येतो तो मुख्यतः १०० चा. आता गायकाच्या आवाजात ९८ आहे आणि तुझ्या गिटारच्या ट्रॅकमध्ये १०० चा हम आहे. दोन सूर दोन हर्ट्झच्या अंतरावर आले की सेकंदाला दोन हेलकावे येणारच, हे गणितच आहे. त्याचा सूर श्वासाबरोबर जरा चढून ९९ झाला की सेकंदाला एक, १०० ला टेकला की गायब. म्हणूनच त्याचा ट्रॅक एकटा ऐकला की काही नाही. खात्री करायची तर गिटारचा चॅनल म्यूट करून ऐक, हेलकावा गेलाच पाहिजे.

५० वर नॉच मारून म्हणूनच काही झालं नाही. आणि तो नॉच जर मास्टरवर मारला असेल तर गायकाचा ४९ पण त्यातच गेला. बरं, अजून एक विचारतो, व्होकलच्या चॅनलवर हाय-पास, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर आहे का? बहुतेक जण व्होकल म्हटलं की सवयीने ८० च्या खालचं कापतात. नेहमीच्या गाण्यात बरोबरच आहे ते, पण इथे ज्या आवाजासाठी एवढा खटाटोप केलात त्याचा तळच कापून टाकला असं होतं. आधी तो काढ.

हमवर उपाय सांगतो. प्लगइन नंतर. आधी तू खुर्चीवर बस, गिटार गळ्यात, व्हॉल्यूम पूर्ण, तारांवर हात ठेवून त्या बंद कर आणि खुर्ची हळूहळू गोल फिरव. एका दिशेला हम एकदम पडतो. ती दिशा मिळाली की जमिनीवर टेप मारून खूण कर आणि तिथेच बसून वाजव. दहा पैशाचा खर्च नाही आणि निम्मं काम होतं. तरी राहिला तर अर्थिंग बघून घ्या, अँप आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर आहेत का ते बघ, डिमरवाले दिवे बंद.

माइकचं म्हणशील तर मी कंडेन्सर माइक घेणार नाही, एसएम ७ बी सारखा डायनॅमिक घे, नसेल तर साधा एसएम ५८ माइक पण चालेल, तोंडापासून चार बोटं. जवळ घेतला की खालचा आवाज आपोआप फुगतो, तेच हवंय. आणि दुसरा माइक पाच-सहा फुटांवर, तो शिट्टीसाठी. ती शिट्टी एक हजार ते अडीच हजारच्या आसपास फिरते आणि नेमकं तिथेच तुझ्या गिटारचं नाक असतं, तेव्हा तो गात असताना गिटार तिथे दोन-तीन डीबी खाली घे. कंप्रेसर, म्हणजे आवाजातले चढउतार दाबणारं यंत्र, हलका. जास्त दाबलास तर शिट्टी आणि घरघर एका पातळीवर येतात आणि त्यांच्यातलं अंतर, जी खरी गंमत आहे, तीच जाते. ऑटोट्यून चुकूनही लावू नकोस, त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला ४९ धरू की ९८ हेच कळत नाही.

बेसवाल्याला सांग जिथे गायक खाली आहे तिथे तू एक सप्तक वर जा, नाहीतर गप्प बस. चार तारी बेसवर तिसऱ्या फ्रेटचा जी पण ४९ चाच आहे, एका खुर्चीवर दोघं बसलेत.

ऐरोली_लूप्स

एवढं कशाला, खूमीचे तयार सॅम्पल मिळतात, पट्टी बदलून प्रत्येक कॉर्डला वेगळा लाव, संध्याकाळभरात गाणं होईल. मी एका जाहिरातीसाठी केलेलं, चांगलं लागलं होतं.

गाळ्यातला_गिटारवाला

@नेरुळचा_मिक्सर दादा, आत्ताच गिटार म्यूट करून ऐकलं. हेलकावा गेला!! गायकाला रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं, तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, तीन आठवडे तो स्वतःलाच दोष देत होता. आणि हो, हाय-पास होता, ८० वर. आभार मानायला शब्द नाहीत.

@ऐरोली_लूप्स सॅम्पल नको रे. आमच्यातला एक जण आठ महिने सकाळी उठून शिकतोय, त्याच्या गळ्यातून आलेलंच हवंय.

पण कॉर्डचं काय करू? सी आणि डी वर अजूनही तसंच वाटतंय.

वाशीचे_जुने_रेकॉर्डवाले

कॉर्डचं मी सांगतो. वय ६८, ब्लूज ऐकतोय कॉलेजपासून, वाजवता एक माउथ ऑर्गन सोडून काही येत नाही, पण कान तयार आहे.

अरे तुम्ही ज्याला चूक म्हणताय ती चूक नाही. तो आवाज जागेवरून हलत नाही, तुम्ही हलताय. त्याने जी धरलाय. तुम्ही सी वर गेलात तर जी हा सी चा पंचम, म्हणून चालून जातं, पण वरच्या शिट्टीत जी च्या हिशेबाने बी येतो आणि तुमच्या सी सेव्हनमध्ये बी फ्लॅट आहे, म्हणून कळकट. डी वर गेलात की त्या कॉर्डमध्ये एफ शार्प आहे आणि त्याच्या अगदी शेजारी हा जी ठोकून बसलाय, बेसूर वाटणारच. सॅम्पलची पट्टी बदलून हे सुटणार नाही, पट्टी बदलली की तो धरलेला सूरच तुटतो आणि त्या गायकीचा सगळा प्राण धरलेल्या सुरात आहे.

मग करायचं काय, तर कॉर्ड बदलूच नका. ब्लूज म्हणजे बारा बार हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांमधला ब्लूज ऐका. आर. एल. बर्नसाइड, ज्युनिअर किंब्रो. एक कॉर्ड, खाली एक तार सतत वाजती, त्यावर तेच तेच फिरत राहतं आणि दहा मिनिटं झाली तरी उठावंसं वाटत नाही. जॉन ली हूकरचं पण कितीतरी काम एकाच कॉर्डवर आहे. म्हणजे धरलेल्या सुराचा ब्लूज आधीपासूनच आहे, तुम्हाला नवीन काही जोडायचं नाहीये, फक्त बरोबर नातेवाइकाकडे जायचंय. आणि घरघरत्या आवाजाचं म्हणाल तर १९२७ ते १९३० मध्ये ब्लाइंड विली जॉन्सनने जे रेकॉर्डिंग केलं त्यात तो ओळीओळीला आवाज खरवडून खाली नेतो. हाउलिन वुल्फ तर आहेच. त्या लोकांनी मंगोलिया बघितला नव्हता. माणसाच्या गळ्यातच ती जागा आहे.

आता ज्याच्याबद्दल तुम्हाला माहिती असायलाच हवी तो माणूस सांगतो. पॉल पेना. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा अंध ब्लूज गायक आणि गिटारवाला, १९७७ मध्ये स्टीव्ह मिलर बँडने त्याचं एक गाणं गाऊन मोठं हिट केलं. डिसेंबर १९८४ मध्ये एका रात्री तो शॉर्टवेव्ह रेडिओवर कोरियन भाषेचा धडा शोधत होता आणि सुई फिरवता फिरवता रेडिओ मॉस्कोवर हा आवाज कानावर पडला. काय आहे, कुठला आहे, काही कळेना. कित्येक वर्षांनी त्या संगीताची रेकॉर्ड हाताला लागली आणि ती ऐकून ऐकून गडी स्वतःच शिकला, कोणी शिकवणारा नाही. तो आवाज तुव्हाचा, आणि तिथली तुव्हन भाषा शिकायला सरळ शब्दकोश नव्हता, तर तुव्हनमधून रशियन आणि रशियनमधून इंग्लिश असे दोन कोश घेऊन, छापील अक्षरं बोटांना जाणवतील असं यंत्र वापरून एकेक शब्द लावत बसायचा. १९९३ मध्ये तुव्हाचा मोठा गायक कोंगर-ओल ओंदार सॅन फ्रान्सिस्कोला आला, कार्यक्रमानंतर पेनाने त्याला तिथल्या तिथे गाऊन दाखवलं आणि ओंदार थक्क झाला. त्याने बोलावलं म्हणून १९९५ मध्ये पेना तुव्हाची राजधानी किझिलला स्पर्धेला गेला आणि खालच्या आवाजाच्या प्रकारात, त्यांच्याकडे कार्गिरा म्हणतात, पहिला आला. तिथल्या लोकांनी त्याचं नाव भूकंप ठेवलं. या सगळ्यावर डॉक्युमेंटरी झाली, ती ऑस्करला नॉमिनेटही झाली. २००५ मध्ये पेना गेला.

आमच्या घरी पण शॉर्टवेव्ह होता, रात्री वडील झोपले की आवाज अगदी बारीक करून मी सुई फिरवायचो, म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा मला त्या माणसाचा हात दिसला रेडिओच्या बटणावर.

एक दुरुस्ती मात्र सगळ्यांसाठी. तुव्हा वेगळं, मंगोलिया वेगळा. तुव्हा रशियात आहे, मंगोलियाला लागून. परंपरा सख्ख्या बहिणींसारख्या आहेत पण नावं, प्रकार, गाणी वेगळी. पेना शिकला ते तुव्हाचं. तुमचा मुलगा उलानबातरच्या गुरुजींकडे शिकतोय तर तुमचं मंगोलियन. युनेस्कोच्या यादीत खूमी २००९ मध्ये चीनकडून आणि २०१० मध्ये मंगोलियाकडून गेली, तेव्हा हे कोणाचं हा तिथे नाजूक विषय आहे. सीडीवर, यूट्यूबवर जिथे टाकाल तिथे गुरुजींचं नाव आणि प्रकाराचं नाव त्यांना विचारून, त्यांनी सांगितलं तसं लिहा. हे मी सल्ला म्हणून नाही, हट्टाने सांगतोय.

आणि माउथ ऑर्गनवाल्याला एक निरोप. जी मध्ये वाजवताना तो सी चा हार्प घेत असणार. त्यावर दोन, तीन, चार, पाच ही भोकं एकदम आत ओढली की जी, बी, डी, एफ येतात. जुन्या पद्धतीच्या ट्यूनिंगचा हार्प असेल तर हे चार सूर बरोबर ४:५:६:७ या प्रमाणात असतात, म्हणजे तुमच्या गायकाच्या गळ्यातून जे निघतं तेच प्रमाण. हल्लीचे बरेच हार्प गिटारशी जुळावेत म्हणून बदललेले असतात. जुना मिळाला तर तो घेऊन गायकाच्या शेजारी बसा आणि फक्त ओढा.

नौपाड्याची_तानपुरेवाली

मी शास्त्रीय शिकवते, नौपाड्यात, ब्लूजमधलं मला फार कळत नाही. पण वाशीच्या काकांनी शेवटी जे ४:५:६:७ लिहिलंय ते वाचून उठून तानपुरा काढला, म्हणून लिहिते.

आमच्याकडे विद्यार्थ्याला पहिली गोष्ट ही ऐकवतात. तानपुऱ्याची खर्जाची तार एकटी छेडायची आणि काही न गाता बसायचं. तार सा ची आहे, पण थोड्या वेळाने तिच्यातून गांधार ऐकू यायला लागतो. कोणी लावलेला नाही, स्वयंभू गांधार म्हणतात त्याला. तो त्या तारेचा पाचवा अंश आहे, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट वेगाने हलणारा, त्याच तारेत दडलेला सूर. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली घासणी, चांगली असेल, घोडीवरचा दोरा नेमका सरकवलेला असेल, तर त्याच्याही वर सातवा अंश ऐकू येतो, तो निषाद, पण कोमल निषादाहूनही उतरलेला. पेटीच्या कोमल निषादापेक्षा ३१ सेंट खाली, म्हणजे जवळजवळ एका पट्टीच्या अंतराचा तिसरा हिस्सा. पेटीवर तो सूर नाहीच. तुझ्या गिटारच्या पडद्यांवरही नाही.

मी कालपासून तुम्ही लिहिलेली ब्लूजवाली नावं ऐकतेय आणि मला सारखं तेच जाणवतंय की ही मंडळी निषाद लावताना मुद्दाम खाली धरतात, तार ओढून किंवा काच सरकवून त्या पडद्यांच्या मधल्या जागेत जातात. आणि तुमचा मुलगा जीभ वळवून तोच सूर खर्जातून वेगळा काढतो. तो काही दुसरा सूर गात नाहीये, लक्षात येतंय का? त्याच्या खर्जात तो सूर आधीच आहे, तो फक्त तोंडाची पोकळी अशी करतो की तेवढाच पुढे यावा. तानपुऱ्यात जे काम जवारी करते ते इथे जीभ करते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की गिटारने त्याला सूर देऊ नये, त्याने गिटारला द्यावा. आधी त्याला एकट्याला गाऊ दे, तुम्ही सगळे हात मांडीवर ठेवून ऐका. तो सातवा अंश काढेल, मग तू काच सरकवत त्याच्याशी जाऊन मिळ. पडद्यावर बोट ठेवून वाजवलास तर तू ३१ सेंट वर राहशील आणि दोघं एकमेकांना घासत राहाल. गांधाराचंही तेच, तुझा १४ सेंट चढा आहे.

दुसरं. पांढरी पाच, म्हणजे तुमचा जी, कोणी ठरवली? गिटारला सोयीची म्हणून ना? त्याचा खर्ज कुठे मोकळा लागतो ते बघितलंत का? सतरा टेक घेतलेत त्या मुलाकडून! मला वाचून वाईट वाटलं. हा आवाज गळा आवळून काढायचा नसतो, खोकला येत असेल, गिळताना खरखरत असेल तर तिथेच थांबायचं. दहा मिनिटं गायचं, तितकाच वेळ गप्प बसायचं, कोमट पाणी घोट घोट. आवाज बसला तर त्या दिवशी अजिबात गायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही. दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, घरगुती काढे करत बसायचं नाही. आणि त्याच्या मंगोलियन गुरुजींना विचार की ते एका बैठकीत किती वेळ गाऊ देतात, त्यांच्या शब्दाला माझ्यापेक्षा जास्त मान दे.

जमलं तर त्याला माझ्याकडे पाठव. पैसे वगैरे नको.

गाळ्यातला_गिटारवाला

सोळा दिवसांनी लिहितोय, माफ करा, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

क्रमाने नाही सांगत, जसं आठवेल तसं सांगतो. ताईंनी विचारलेला प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला की जी कोणी ठरवला, आणि खरंच मीच ठरवला होता, रिफ तिथे हाताला सोपा पडतो म्हणून. गायकाला विचारलं तर म्हणाला मला पांढरी सहा बरी वाटते, तुम्ही कधी विचारलंच नाही. म्हणून आता ए. ए मध्ये त्याचा खालचा सूर ५५ आणि वरचा ११०, तो लाइटच्या १०० पासून पण बाजूला झाला. हार्प डी चा घ्यावा लागला. आमच्या हार्पवाल्याने मुंबईभर शोधून जुन्या ट्यूनिंगचा एक मिळवला, आणि काका, तुम्ही सांगितलं तसं तो गायकाच्या शेजारी स्टुलावर बसला आणि चार भोकं एकदम ओढली, गायकाने खालून सूर धरला, आणि कुठला आवाज हार्पचा आणि कुठला गळ्याचा ते मला तीन फुटांवर बसून सांगता येईना. हार्पवाल्याने वाजवणं थांबवून हार्प उलटा करून बघितला.

खुर्ची फिरवली. दरवाजाकडे तोंड होतं, ते खिडकीच्या बाजूला केलं आणि हम एवढा पडला की इंजिनिअरने कन्सोलवरून विचारलं, केबल निघाली का. लाल टेपची खूण आहे आता तिथे. इंजिनिअर पण आता मनापासून मागे लागलाय, हे सांगितलंच पाहिजे, हाय-पास त्याने स्वतःहून काढला आणि स्पीकरच्या कागदावर हात ठेवून ५५ हलतोय का ते बघत होता.

बारा बार गेले. एकच कॉर्ड आहे. याच्यावर भांडण झालं, लपवत नाही. ड्रमर म्हणाला मग गाणं वळतं कुठे, ऐकणाऱ्याला पोहोचल्यासारखं वाटायला नको का. दोन दिवस तो आला नाही. मग त्यानेच उपाय काढला, जिथे आधी डी वर जायचो तिथे आता सगळं थांबतं, बेस, ड्रम, गिटार, आणि फक्त गायक शिट्टी वर चढवत नेतो, आठवा, नववा, दहावा, बारावा, आणि तो बाराव्यावरून खाली उतरला की ड्रमर नुसत्या ब्रशने परत आत येतो. तिथे गाणं वळतं. त्या जागेसाठी आम्ही स्टुडिओ सोडून इमारतीच्या जिन्यात गेलो, रात्री दहानंतर, खालच्या मशीन बंद झाल्यावर, टाइल्सचा जिना आहे चार मजल्यांचा. दुसरा माइक मिक्सरदादांनी सहा फूट सांगितला होता, आम्ही एक मजला वर ठेवला. तिसऱ्या टेकला झालं. तीनच टेक घेतले ताई, मध्ये वीस वीस मिनिटं थांबून.

स्लाइडने सातव्याला जाऊन मिळणं मला अजून दर वेळी जमत नाहीये. जमतं तेव्हा गिटारचा आवाज गेल्यासारखा वाटतो, म्हणजे वेगळा ऐकूच येत नाही, आणि पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं माझी तार तुटली. आठ टेकपैकी दोनदा झालंय. ते दोन ठेवलेत.

गुरुजींना रफ मिक्स पाठवलं होतं. त्यांनी सांगितलं की शेवटच्या भागात तो श्वास खांद्यातून घेतोय, पोटातून घ्यायला सांगा, आणि प्रकाराचं नाव कसं लिहायचं ते लिहून पाठवलं, त्यांचं नाव घालायला हो म्हणाले. श्वासासाठी तो भाग परत घेणार आहोत.

ताई, तो तुमच्याकडे यायला तयार आहे पण लाजतोय, म्हणतो भजन सोडून काही शिकलो नाही, त्यांच्यासमोर काय गाऊ. मी पण आलो तर चालेल का? मला तो तानपुऱ्यातला निषाद एकदा ऐकायचाय.

वाशीचे_जुने_रेकॉर्डवाले

जिन्यातलं कधी ऐकायला मिळेल? मी ठाण्याला येईन, गर्दी टाळून दुपारच्या ट्रान्सहार्बरने.

नेरुळचा_मिक्सर

भाऊ मिक्स झालं की मास्टरिंगच्या आधी एकदा मला फाइल दे, ५५ चा तळ मोबाइलवर ऐकूच येणार नाही, तिथे ११० आणि १६५ थोडे उचलावे लागतील म्हणजे कानाला खालचा सूर भासतो. मी करून देतो.

नौपाड्याची_तानपुरेवाली

भजन येतं ना, मग भजनच म्हणू दे त्याला. दोघंही या. रविवारी सकाळी साडेसहाला, त्या वेळी रस्त्यावर रिक्षा कमी असतात आणि तानपुरा नीट ऐकू येतो. रिकाम्या पोटी नको, पण चहा इथेच घेऊ, गाऊन झाल्यावर. वाशीच्या काकांनाही घेऊन या, दुपारी कशाला.